जॉन ॲलन: तळघरात डोंगर उभे करणारा माणूस आणि पहिल्या मॉडेल रेल्वेचं प्लॅनिंग

मॉडेल रेल्वेचे व्हिडिओ तुम्ही कधी ना कधी पाहिले असतील. टेबलावर एक छोटी दुनिया, लाकडी पुलावरून धावणारं हातभर लांबीचं इंजिन, खाली दरी, बोगद्याच्या तोंडावर काजळी आणि डब्यांवर गंज. फोन जरा जवळ नेला की खरी रेल्वे वाटावी असं सगळं. आज हे नॉर्मल वाटतं. पण ८० वर्षांपूर्वी बहुतेक मॉडेल रेल्वे म्हणजे चकचकीत रंगाच्या गाड्या आणि सपाट फळीवर गोल फिरणारे रूळ, एवढंच असायचं. हे चित्र बदलणाऱ्यांत सगळ्यात वरचं नाव घेतलं जातं ते जॉन ॲलन या अमेरिकन माणसाचं.

पहिल्यांदा मॉडेल रेल्वेचा लेआउट आखताना जे जे प्रश्न पडतात, ते सगळे या माणसाने सोडवून ठेवलेत: जागा किती लागेल, रूळ वर कसे चढवायचे, डोंगर कुठे ठेवायचा, सुरुवात किती लहान करायची. म्हणून आज त्याच्या आयुष्याची गोष्ट आणि सोबत प्लॅनिंगचं थोडं गणित, दोन्ही एकत्र बघू.

कमकुवत हृदय आणि कॅमेरा

जॉन व्हिटबी ॲलनचा जन्म २ जुलै १९१३ चा, अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातल्या जॉपलिन गावचा. लहान वयात त्याला संधिवाताचा ताप झाला. या तापात सांधे दुखतात ते काही दिवसांनी बरे होतात, पण हृदयाच्या झडपांना झालेली इजा बऱ्याचदा आयुष्यभर राहते. ॲलनचंही तसंच झालं. हृदय कमकुवत राहिलं. आपल्याकडे इतरांएवढी ताकद नाही आणि कदाचित इतरांएवढा वेळही नाही, हे ओझं घेऊनच तो मोठा झाला.

पुढे तो कॅलिफोर्नियात गेला आणि फोटोग्राफर बनला. लॉस एंजेलिसमध्ये भागीदारीत त्याचा फोटोग्राफीचा धंदा होता. धंद्यात मिळालेले पैसे त्याने नीट गुंतवले आणि १९४६ च्या सुमारास, म्हणजे तिशी नुकतीच ओलांडलेली असताना, धंदा सोडून कॅलिफोर्नियाच्याच किनाऱ्यावरच्या माँटेरे गावी राहायला गेला. लग्न केलं नाही, राहणी साधी ठेवली. उरलेला सगळा वेळ एका गोष्टीसाठी मोकळा केला. ती गोष्ट म्हणजे मॉडेल रेल्वे.

फोटोग्राफी त्याने सोडली असं मात्र नाही. तीच त्याला पुढे सगळ्यात जास्त उपयोगी पडली. कॅमेऱ्यातून बघणाऱ्याला प्रकाश कुठून येतो, सावली कुठे पडते, जुनं लाकूड कोणत्या रंगाचं दिसतं हे कळतं. खरी रेल्वे कधीच चकचकीत नसते, ही साधी गोष्ट त्याच्या डोळ्यांना खटकली ती यामुळेच.

एका पलंगाएवढी रेल्वे

ॲलनने आपल्या काल्पनिक रेल्वे कंपनीला नाव दिलं गोर अँड डाफेटिड. कागदावर हे एखाद्या जुन्या युरोपियन घराण्याचं नाव वाटतं. पण उच्चार करायचा गोरी अँड डिफीटेड, म्हणजे रक्तबंबाळ आणि पराभूत! गोर आणि डाफेटिड ही त्या रेल्वेवरची दोन गावं. असा हा विनोदी स्वभाव.

पण विनोद बाजूला ठेवून त्याच्या पहिल्या लेआउटचं माप बघा: ३ फूट ७ इंच रुंद आणि ६ फूट ८ इंच लांब. म्हणजे साधारण १०९ बाय २०३ सेंटिमीटर. एका सिंगल बेडपेक्षा थोडासाच मोठा. एवढ्याशा जागेत त्याने वेगवेगळ्या उंचीवरचे रूळ, खडकाळ कडे, पूल आणि इमारती बसवल्या. जुलै १९४६ च्या 'मॉडेल रेलरोडर' मासिकात या रेल्वेचा पहिला फोटो छापून आला.

आता इथे थांबून गणित करू, म्हणजे हे का अवघड आहे ते कळेल.

ॲलन एचओ स्केलमध्ये काम करायचा. आजही जगभर सगळ्यात जास्त चालणारं स्केल हेच. यात प्रत्येक वस्तू खऱ्याच्या ८७ व्या भागाएवढी असते आणि दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. पावणेसहा फूट उंचीचा माणूस इथे जेमतेम २ सेंटिमीटरचा होतो. ऐकायला हे खूपच छोटं वाटतं. पण मुंबई ते पुणे हे १९२ किलोमीटरचं अंतर याच स्केलमध्ये बनवायचं ठरवलं तर रूळ लागतील सुमारे २.२ किलोमीटर! म्हणजे पूर्ण मार्ग जसाच्या तसा कुणीच बनवू शकत नाही. काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हाच प्लॅनिंगचा पहिला निर्णय.

दुसरी अडचण वळणाची. पलंगाएवढ्या जागेत वळणाची त्रिज्या फार तर ४५ सेंटिमीटर मिळते. ८७ ने गुणलं तर ती ३९ मीटर होते. खऱ्या मेन लाइनची वळणं कित्येक शे मीटर त्रिज्येची असतात. म्हणून लांबलचक प्रवासी डबे छोट्या लेआउटवर वळताना विचित्र दिसतात, मध्येच आत झुकतात, टोकाला बाहेर लटकतात आणि अनेकदा रुळावरून घसरतात.

अडचणीलाच गोष्ट बनवणं

ॲलनचं खरं डोकं इथे दिसतं. जागा कमी आहे, वळणं तीव्र आहेत, चढ उभे आहेत. मग अशी रेल्वे खऱ्या जगात कुठे असते? डोंगरात! म्हणून त्याची कंपनी ठरली पश्चिम अमेरिकेच्या डोंगरातली, पैशांची चणचण असलेली, जुनी इंजिनं आणि आखूड डबे वापरणारी एक गरीब रेल्वे. एकदा ही गोष्ट ठरली की तीव्र वळण ही चूक राहत नाही. ते घाटातलं वळण होतं. आखूड डबे ही तडजोड राहत नाही. गरीब कंपनीकडे तेच असणार. गंजकं छप्पर, वाकडा खांब, विटलेला रंग हे सगळंही त्याच गोष्टीत बसतं. कंपनीचं नावच पराभूत असल्यावर काय बोलणार!

आम्ही सॉफ्टवेअरवाले रिक्वायरमेंट आणि कन्स्ट्रेंट असे शब्द रोज वापरतो. बहुतेक वेळा कन्स्ट्रेंट म्हणजे डोकेदुखी असंच आपण धरून चालतो. ॲलनने कन्स्ट्रेंटची यादी आधी केली आणि त्यातूनच डिझाइन काढलं. पहिला लेआउट आखणाऱ्याने त्याच्याकडून एकच गोष्ट उचलायची असेल तर ती ही.

बहुतेक नवे लोक उलटं करतात. आवडतं इंजिन आधी विकत घेतात, नेटवरून एखादा भारी ट्रॅक प्लॅन उतरवतात आणि मग तो आपल्या खोलीत कोंबायला बघतात.

रूळ वर चढवायचे कसे?

ॲलनच्या रेल्वेचं सगळ्यात मोठं आकर्षण म्हणजे उंची. एक गाडी खालून जाते, दुसरी वरच्या पुलावरून. हे दिसायला जितकं भारी, आखायला तितकंच फसवं. का ते बघा.

एचओ स्केलमध्ये खालची गाडी पुलाला न घासता जायची असेल तर खालच्या रुळापासून पुलाच्या तळापर्यंत साधारण ७.५ सेंटिमीटर मोकळी जागा हवी. त्यात पुलाची आणि रुळाखालच्या फळीची जाडी धरा. म्हणजे वरचा रूळ खालच्या रुळापेक्षा सुमारे १० सेंटिमीटर उंच न्यावा लागतो.

आता चढ. दर १०० सेंटिमीटरला २ सेंटिमीटर उंची मिळाली तर तो २ टक्के चढ. मॉडेल इंजिनं हा चढ बऱ्यापैकी ओढतात. या हिशोबाने १० सेंटिमीटर वर जायला ५ मीटर रूळ लागतो.

आणि पलंगाएवढ्या लेआउटवर एक पूर्ण फेरी किती मीटरची? ४५ सेंटिमीटर त्रिज्येची दोन अर्धवर्तुळं मिळून २.८ मीटर, दोन्ही बाजूंचे सरळ रूळ मिळून साधारण २ मीटर. एकूण ४.८ मीटर. म्हणजे पूर्ण फेरी चढतच राहिलो तरी पुलाएवढी उंची मिळत नाही! वर स्टेशनसाठी सपाट जागा हवी, ती वेगळीच.

मग पर्याय उरतात तीन:

- चढ वाढवायचा. ४ टक्के चढ ठेवला तर २.५ मीटरमध्ये काम होतं. पण इंजिन तेवढे डबे ओढणार नाही, गाडी लहान ठेवावी लागेल. त्यात चढ वळणावर असेल तर घर्षणामुळे इंजिनाला तो आणखी जड जातो.
- उंची वाटून घ्यायची. वरचा रूळ ५ सेंटिमीटर चढवायचा आणि खालचा ५ सेंटिमीटर उतरवायचा. फरक १० सेंटिमीटरचाच पडतो, पण कुठलाही एक रूळ फार उंच जात नाही.
- फेऱ्या वाढवायच्या. रूळ दोनदा फिरवून वर न्यायचा आणि मधला भाग बोगद्यात लपवायचा, म्हणजे बघणाऱ्याला तो गोल फिरतोय हे कळत नाही.

तुलनेसाठी आपला भोर घाट घ्या. कर्जत ते लोणावळा चढ ३७ला १, म्हणजे सुमारे २.७ टक्के. तेवढ्यासाठी खऱ्या गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. टेबलावरचं फिजिक्स वेगळं नसतं. ॲलनच्या फोटोंतही एकाच गाडीला दोन-दोन इंजिनं जोडलेली दिसतात. त्याने चढ लपवला नाही. चढावर इंजिन धापा टाकतंय, हेच त्याच्या रेल्वेचं नाट्य होतं.

एक बारीक गोष्ट. चढ सुरू होतो तिथे आणि संपतो तिथे रूळ एकदम वाकवायचा नाही. हळूहळू वाकवायचा. नाहीतर डब्यांचे कपलिंग सुटतात किंवा इंजिनाची पुढची चाकं हवेत उचलली जातात.

रुळाच्या खालीही जमीन असते

खऱ्या जगात जमीन आधी असते, रेल्वे नंतर येते. मॉडेलमध्ये नेमकं उलटं होतं. आधी रूळ अंथरले जातात, मग उरलेल्या जागेत डोंगर बसवला जातो. म्हणून अनेक लेआउटवरचे डोंगर बोगद्यासाठी ठेवलेल्या टोपीसारखे दिसतात.

ॲलनच्या रेल्वेत असं वाटत नाही. जमीन आधीपासून होती आणि रेल्वेला तिच्यातून वाट काढावी लागली, असंच वाटतं. पुढे त्याने तळघरात मोठा लेआउट केला तेव्हा तर कडे थेट जमिनीपासून छतापर्यंत नेले. माणूस उभा राहून बघत असेल तर काही रूळ त्याच्या डोळ्यांच्याही वर, काही कमरेखाली. दरीत वाकून बघितलं तर तळ पायाशी.

हे करायचं असेल तर सपाट प्लायवूडची एकसंध फळी चालत नाही. रूळ जातात तेवढ्यापुरतीच फळी ठेवायची, तिला खालून उभ्या पट्ट्यांचा आधार द्यायचा, बाकी जागा मोकळी सोडायची. त्या मोकळ्या जागेतून नदी, ओढा, दरी रुळाच्या पातळीखाली उतरते. आणि दरी असली की पुलाला कारण मिळतं. पहिल्या लेआउटवर एक जरी नदी रुळाखाली गेली तरी सगळा देखावा बदलतो.

डोंगर बनवायची पद्धत तर आपल्या ओळखीची आहे. दिवाळीत किल्ला केला असेल तर तुम्ही ती वापरलीय. दगडविटा रचायच्या, वर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाकायचं, वाळलं की कडे तयार. मॉडेल रेल्वेत विटांच्या जागी तारेची जाळी किंवा पुठ्ठ्याच्या पट्ट्या येतात आणि चिखलाच्या जागी प्लास्टर. आतून पोकळ असल्यामुळे वजन कमी राहतं आणि बोगद्यात गाडी अडकली तर खालून हात घालता येतो. हा हात घालायचा मार्ग प्लॅनमध्येच दाखवायचा असतो. डोंगर झाल्यावर तो आठवला तर करवत घ्यावी लागते.

गंज, आरसा आणि डायनासोर

१९४८ साली ॲलनच्या एका छोट्या देखाव्याला मॉडेल रेल्वेच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. त्या मॉडेलमध्ये त्याने लाकूड, छप्पर, भिंती मुद्दाम जुन्या, मळलेल्या, ऊनपाऊस खाल्लेल्या दाखवल्या होत्या. आज या तंत्राला वेदरिंग म्हणतात. रेल्वे, रणगाडे, विमानं, कुठल्याही मॉडेलचा व्हिडिओ बघा, शेवटी वेदरिंग असतंच. हे तंत्र रूढ करण्याचं श्रेय ॲलनला दिलं जातं.

त्याच्या बाकी युक्त्याही फोटोग्राफरच्या डोळ्यातून आलेल्या होत्या. मागच्या इमारती पुढच्यांपेक्षा लहान स्केलमध्ये बनवायच्या, म्हणजे त्या दूर वाटतात. याला फोर्स्ड पर्स्पेक्टिव्ह म्हणतात. भिंतीशी आरसा अशा कोनात लावायचा की रस्ता पुढे चालूच आहे असं वाटावं. आरशाची कड झाडामागे किंवा इमारतीमागे लपवायची. दोन मीटरची दुनिया डोळ्याला कितीतरी खोल वाटते.

फोटो काढणंही सोपं नव्हतं. फोनने जवळून काही टिपलं की मागचं धूसर होतं, हे तुम्ही पाहिलं असेल. छोट्या वस्तूचा फोटो खऱ्यासारखा वाटायचा असेल तर पुढचं आणि मागचं दोन्ही स्पष्ट हवं. त्यासाठी लेन्सचं छिद्र अगदी बारीक करायचं आणि एक्स्पोजर लांबवायचं. ॲलनला हे व्यवसायातूनच येत होतं. त्याचे फोटो मासिकांत झळकू लागले, वार्नी या मॉडेल कंपनीच्या जाहिरातींतही दिसू लागले. जगभरातल्या लोकांनी त्याची रेल्वे पाहिली ती याच फोटोंमधून.

एवढा वास्तवाचा आग्रह धरणाऱ्या माणसाच्या रेल्वेत शंटिंग कोण करायचं माहितीये? एमा नावाची स्टेगोसॉरस! पाठीवर तकट्यांची रांग असलेली डायनासोर, कंपनीच्या यादीत तिचा नंबर १३. डबे ओढणाऱ्या एमाचे फोटो आजही हौशी लोकांत फिरत असतात. सगळं काही खऱ्यासारखं करायचं, पण ते आपल्या मजेसाठी आहे हे विसरायचं नाही, असा त्याचा हिशोब असावा.

जुनं फेकायचं नाही

१९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात ॲलनने माँटेरेत एक घर घेतलं आणि त्याच्या तळघरात गोर अँड डाफेटिडची तिसरी आणि शेवटची आवृत्ती सुरू केली. आधीचे दोन लेआउट म्हणजे या मोठ्या कामाची तालीम म्हणता येईल. नव्या लेआउटवर ग्रेट डिव्हाइड नावाचं शहर होतं, पोर्ट नावाचं बंदर होतं आणि मध्ये दऱ्या, पूल, बोगदे.

पण मला सगळ्यात भारी वाटते ती गोष्ट वेगळी. एवढं मोठं काम हाती घेतलं तरी १९४६ चा तो पलंगाएवढा पहिला लेआउट त्याने मोडला नाही. नव्या लेआउटमध्ये त्याला जागा ठेवली आणि तो तसाच्या तसा आत बसवला. नवे रूळ त्याला येऊन मिळाले.

प्रोग्रॅमिंगमध्ये याला आपण मॉड्यूल म्हणतो. लहान भाग नीट बनवला, तो स्वतःपुरता पूर्ण असला, तर उद्या मोठ्या सिस्टिममध्ये बसवता येतो. पहिल्या लेआउटच्या वेळी हेच लक्षात ठेवायचं. एक रूळ मुद्दाम टेबलाच्या कडेपर्यंत नेऊन सोडायचा. आज तिथे गाडी उभी करायची साइडिंग असेल, उद्या तिथून पुढची फळी जोडता येईल.

मोठा लेआउट एकट्याने चालवायचा नव्हताच. ॲलनचे मित्र नियमित जमायचे आणि खऱ्या रेल्वेसारख्या गाड्या चालवायचे. कुणाकडे मालगाडी, कुणाकडे यार्ड. रेल्वे फक्त बघायची वस्तू नाही, तिला काम हवं, हा त्याचा दुसरा आग्रह. १९७२ मध्ये त्याचं टाइमसेव्हर नावाचं शंटिंगचं कोडं मासिकात प्रसिद्ध झालं. एका लहान फळीवर पाच सांधे आणि मोजके डबे. प्रत्येक डबा कमीत कमी वेळात ठरलेल्या जागी पोचवायचा. दिसायला सोपं, पण जागा इतकी मोजून ठेवलीय की एक डबा हलवायला आधी दुसरे दोन हलवावे लागतात. अल्गोरिदम शिकणाऱ्यांना यात लगेच गंमत वाटेल. ज्यांच्याकडे पलंगाएवढीही जागा नाही, त्यांच्यासाठी तर हीच उत्तम सुरुवात आहे.

दहा दिवस

तळघरातल्या रेल्वेवर ॲलनने जवळपास दोन दशकं काम केलं. ६ जानेवारी १९७३ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. वय ५९. लहानपणी इजा झालेल्या हृदयाने एवढी साथ दिली हेही काही कमी नाही.

आणि त्यानंतर दहा दिवसांनी घराला आग लागली. तळघरातली रेल्वे नष्ट झाली. छताला भिडलेले कडे, पूल, ग्रेट डिव्हाइड शहर आणि त्या सगळ्याच्या आत जपून बसवलेला १९४६ चा तो पहिला छोटा लेआउटसुद्धा.

दोन दशकांचं काम एका रात्रीत जातं, तेव्हा मागे काय उरतं? ॲलनच्या बाबतीत बरंच उरलं. कारण करत असताना तो दाखवत आला होता. फोटो होते, मासिकातले लेख होते, युक्त्या कशा केल्या याची वर्णनं होती. लिन वेस्टकॉट हा 'मॉडेल रेलरोडर'चा अनेक वर्षांचा संपादक. मोकळ्या चौकटीवर लेआउट उभारण्याची एल-गर्डर पद्धत रूढ करणाराही तोच. त्याने ॲलनच्या कामावर एक पुस्तक तयार केलं. ते १९८१ मध्ये निघालं, तोवर वेस्टकॉटही हयात नव्हता. या हौसेत पडणारे लोक आजही ते पुस्तक शोधत असतात. हार्ड डिस्क जळाली, पण कोड आधीच सगळ्यांना वाटलेला होता, असंच म्हणा ना.

तुमचा पहिला लेआउट: ॲलनच्या वाटेने

आता हे सगळं तुमच्या टेबलावर कसं आणायचं?

- जागा मोजा. भिंतीला लागून असेल तर हात पोचतो तेवढीच रुंदी ठेवा. साधारण ७५ सेंटिमीटरच्या पुढे हात नीट पोचत नाही. दोन्ही बाजूंनी जाता येत असेल तर जास्त रुंदी चालेल.
- जागेला शोभेल अशी रेल्वे निवडा. छोट्या जागेत घाटातली शाखा, कारखान्याची साइडिंग किंवा बंदरावरची लाइन खरी वाटते. १६ डब्यांची एक्सप्रेस वाटत नाही.
- उंचीचा नकाशा वेगळा काढा. रुळावर दर अर्ध्या मीटरला उंची लिहा. पुलाच्या जागी १० सेंटिमीटरचा फरक पडतोय का तपासा. एक्सट्रॅककॅडसारखी मोफत सॉफ्टवेअर हा हिशोब करून देतात, पण पहिल्यांदा वहीतच करून बघा.
- वीज विसरू नका. दोन रुळांच्या पद्धतीत एक रूळ धन, एक ऋण. रूळ फिरून उलट दिशेने स्वतःलाच मिळाला तर शॉर्ट सर्किट होतं. असा लूप प्लॅनमध्ये असेल तर तेवढा भाग वेगळा करून त्याला स्वतंत्र स्विच लागतो.
- पुठ्ठ्यावर आधी करून बघा. पुठ्ठा कापून चढ, पूल, डोंगर यांचं कच्चं मॉडेल बनवा. चूक पुठ्ठ्यात सापडली तर पाच मिनिटांत सुधारते, प्लास्टरमध्ये सापडली तर पूर्ण रविवार जातो.
- लहान भाग पूर्ण करा. सगळीकडे अर्धवट रूळ टाकण्यापेक्षा एक कोपरा रूळ, दगड, झाडं, गंज यांसकट संपवा. पुढच्या कामाचा हुरूप त्या एका कोपऱ्यातून येतो.
- प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा. वायर कुठून नेली, सांधा कसा बसवला, सगळं. हे का, ते आता वेगळं सांगायला नको.

प्रत्यक्ष चालणारा मोठा लेआउट बघायचा असेल तर पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय आहे. तिथे गेलात तर गाड्यांकडे बघून झाल्यावर पुलांखाली आणि बोगद्यांच्या तोंडाशी थोडा वेळ काढा. कुठला रूळ कुठे चढतो आणि कुठे लपतो हे शोधा. वही सोबत असेल तर तिथेच तुमच्या पहिल्या लेआउटचा नकाशा सुरू होईल.